चार स्क्रूंचा मेहनताना

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात शिरलं की आधी विवेकानंद आश्रमाची कमान दिसते आणि मग झेरॉक्सची दुकानं. यात नवल नाही. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या गावात शाळा आहे, कनिष्ठ महाविद्यालय आहे, कृषी महाविद्यालय आहे, वसतिगृहं आहेत. जिथं विद्यार्थी तिथं दाखले, जिथं दाखले तिथं झेरॉक्स. दुकानाच्या पाटीवर सगळा संसार मांडलेला असतो: सर्व प्रकारची ऑनलाइन कामे, सातबारा, पीक विमा, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नपत्रिका. आणि पाटी संपता संपता, थोडी जागा उरली म्हणून, बारीक अक्षरांत 'संगणक दुरुस्ती'.

या बारीक अक्षरांवर पोट असलेला एक मेकॅनिक माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं त्याच्या धंद्यातली गुपितं यायची आहेत.

त्याच्याकडं माणसं 'सीपीयू' घेऊन येतात. मोटारसायकलच्या टाकीवर आडवा ठेवलेला, पोटाशी धरलेला, वर जुना टॉवेल टाकलेला. लेकराला दवाखान्यात नेतानासुद्धा एवढी काळजी घेतलेली मी पाहिली नाही. झाकण उघडलं की आतून काळ्या रानाची दोन वर्षांची धूळ, पालीची दोन अंडी आणि एखादी मुंग्यांची वसाहत निघते. मेकॅनिक धूळ झटकतो, पालीला वाट करून देतो आणि पेढ्याचा डबा उघडतो. त्या डब्यात पेढे नसतात, स्क्रू असतात. त्याचं सगळं शास्त्र त्या डब्यात आहे.

हार्डडिस्क बसवायचे स्क्रू ही चीज वरून दिसते तेवढी सोपी नाही. हार्डडिस्क जन्मानं अमेरिकन, त्यामुळं तिला इंचाच्या हिशेबाचे स्क्रू लागतात: सहा नंबरचे, इंचाला 32 आटे. तिच्याच शेजारच्या खणात राहणाऱ्या सीडीच्या ड्राइव्हला मात्र मिलिमीटरवाले लागतात, तीन मिलिमीटर जाडीचे, बारीक आट्यांचे. दोघांत फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पेढ्याच्या डब्यात दोन्ही जाती गुण्यागोविंदानं एकत्र नांदतात, भांडण सुरू होतं ते लावताना. बारीक स्क्रू हार्डडिस्कच्या भोकात नुसता गरगर फिरतो, आवळल्याचं समाधान काही देत नाही. जाड स्क्रू सीडीच्या ड्राइव्हला लावायला जावं तर दीड आट्यात रुततो, मग पुढंही जात नाही आणि मागंही येत नाही. आटे गेलेली भोकं आणि डोकं झिजलेले स्क्रू हीच या धंद्यातली वडिलोपार्जित इस्टेट.

बरं, हार्डडिस्कला म्हणायचं साडेतीन इंची. फूटपट्टी लावून पाहा. रुंदी बरोबर चार इंच, लांबी पावणेसहाच्या जरा पुढं, जाडी इंचभर. साडेतीन इंच तिच्यात कुठंच सापडत नाहीत. साडेतीन इंची फ्लॉपीच्या ड्राइव्हच्या मापाच्या खणात ती बसायची म्हणून तेच नाव तिला चिकटलं. पण मराठी माणसानं यावर आक्षेप घ्यायचं कारण नाही. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. अर्ध्याला पूर्णाचा मान देणं आपल्या रक्तात आहे.

कंपनीच्या हिशेबानं या साडेतीन इंचीला चार स्क्रू लावायचे: दोन या अंगानं, दोन त्या अंगानं. या अंगाचं झाकण उघडलेलंच असतं. त्या अंगाचं उघडायचं तर मागचे स्क्रू काढा, झाकण सरकवा, ते अडकणार, त्याला बुक्की मारा, ते वाकणार. म्हणून बहुतेक हार्डडिस्क एकाच अंगानं दोन स्क्रूंवर आयुष्य काढतात. गिऱ्हाइकानं विचारलं तर उत्तर तयार असतं, "तिकडून आधार आहे तिला." कशाचा आधार, हे हार्डडिस्कनं कधी विचारलेलं नाही.

एवढं करून एखादा स्क्रू बोटांतून निसटतोच. तो पडतो तो नेमका मदरबोर्डवर, जिथं वीज सोडली तर धूर निघेल अशा ठिकाणी. मग आख्खा सीपीयू उचलून तिरका करायचा, हलवायचा, कान लावायचा. आतून 'खुळ्ळ' असा आवाज आला की स्क्रू आहे. तो बाहेर पडला की दुकानात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. चुंबक लावलेला पेचकस असला तर हे होत नाही. पण चुंबकाचा पेचकस शेजारचा वायरमन घेऊन गेलेला असतो.

गिऱ्हाईक हे सगळं बाकड्यावर बसून पाहतं. घाम, धूळ, वाकलेलं झाकण, हरवलेला आणि सापडलेला स्क्रू. शेवटी मेकॅनिक "दोनशे" म्हणतो आणि गिऱ्हाईक एक शब्द न बोलता देतं. दोनशे रुपयांचं काम त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

या सुखाला दृष्ट लागली ती निळ्या रंगाची.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले संगणक बदलतात. जुनी यंत्रं पुसून-पासून, नव्या स्टिकरसह, निम्म्याहून कमी किमतीत तालुक्या-तालुक्यांत येतात. त्यांना 'रिफर्बिश्ड' म्हणतात. ज्याला गावात 'सेकंड' म्हणत होतो, त्याचं हे शिकलेलं रूप. ही यंत्रं ऑफिसात वाढलेली, त्यामुळं त्यांच्या सवयी वेगळ्या. त्यांच्या आत हार्डडिस्क स्क्रूंनी आवळलेली नसते. ती एका प्लास्टिकच्या चौकटीत बसलेली असते; डेलच्या यंत्रात ही चौकट बहुधा निळी. चौकटीच्या आतल्या बाजूला चार छोट्या खुंट्या. चौकट बोटांनी जराशी फाकवायची, हार्डडिस्क मध्ये धरायची आणि सोडायचं. खुंट्या बरोबर त्या चार स्क्रूंच्या भोकांत जाऊन बसतात. मग सगळं खणात सरकवायचं. 'खट्'. झालं. भोकांतले आटे जागच्या जागीच आहेत, फक्त त्यांना आता काही काम नाही. काढायचं असलं की दोन कान दाबायचे आणि ओढायचं. निळं दिसेल तिथं दाबा, असा तिथला कायदा. एचपीच्या बऱ्याच यंत्रांत तोच कायदा हिरव्या रंगात आहे.

तर असा एक निळ्या कानांचा सीपीयू आमच्या एका निवृत्त गुरुजींनी घेतला. काही महिन्यांनी तो सुरू होईना. पडद्यावर काळ्यावर पांढरं इंग्रजी, मथितार्थ असा की आत ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. गुरुजी टॉवेलसह दुकानात. चहा सांगितला. मेकॅनिकनं खटका ओढून झाकण उघडलं, निळे कान दाबून हार्डडिस्क बाहेर काढली, पाहिली, परत सरकवली, मागची वायर दाबली. यंत्र सुरू.

"झालं?" गुरुजींनी विचारलं.

"झालं."

"किती द्यायचे?"

"दोनशे."

गुरुजींनी कपाकडं बोट दाखवलं. "अरे, माझा चहा निवला नाही अजून!"

"गुरुजी, कुठं दाबायचं ते माहीत असण्याचे पैसे आहेत ते."

"ती इंजिनियरची आणि हातोडीची गोष्ट मला दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर येते," गुरुजी म्हणाले. "तुझ्या हातात तर हातोडीही नव्हती. पेचकससुद्धा धरला नाहीस तू."

शंभरावर मिटलं. पण घाव खोल गेला. त्या रात्री मेकॅनिकनं धंद्याची घटनादुरुस्ती केली. पहिलं कलम: सीपीयू गिऱ्हाइकासमोर उघडायचा नाही, "ठेवून जा, संध्याकाळी पाहतो" म्हणायचं. दुसरं कलम: उघडावाच लागला तर पेचकस हातात पाहिजेच, काम नसलं तरी झाकणाच्या कडेवरून फिरवायचा. तिसरं कलम: रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासायचं. हे तिसरं कलम निव्वळ नाटक नाही, कडेवर चढलेली मळी त्यानं खरोखर निघते आणि यंत्रं खरोखर सुरू होतात. शिवाय खोडरबर पाहिलं की शिक्षकाला बरं वाटतं. चौथं कलम: मध्येच थांबून छताकडं पाहायचं आणि "हं..." म्हणायचं. या चार कलमांनंतर दोनशेला कुणी हरकत घेतलेली नाही.

आता यात लबाडी किती आणि न्याय किती, हे ठरवायला जरा अमेरिकेत जावं लागेल. स्क्रू हटवायची ही हौस आली ती तिथल्या कारखान्यांतून. 1985 च्या सुमारास आयबीएमनं 'प्रोप्रिंटर' नावाचा एक प्रिंटर काढला. तो यंत्रमानवांनी जोडायचा होता. यंत्रमानवाला स्क्रू फिरवायचा कंटाळा, निदान त्या काळी तरी. म्हणून रचनाकारांनी भाग असे आखले की एकावर एक ठेवून दाबले की खट्कन बसावेत. गंमत अशी झाली की प्रिंटर जोडायला इतका सोपा झाला की साध्या माणसालाही तो चटकन जोडता येऊ लागला आणि एवढे महागडे यंत्रमानव आणलेच कशाला, असा प्रश्न लोक विचारू लागले. संगणकातही तेच वारं होतं. 1984 च्या 'पीसी एटी'मध्ये हार्डडिस्क दोन बाजूंच्या रुळांवरून खणात सरकायची, 1987 च्या 'पीएस टू'च्या काही यंत्रांत तर आतलं बहुतेक सगळं पेचकसाशिवाय निघायचं.

कारखान्याचा हिशेब सरळ आहे. एका यंत्रामागं एक मिनिट वाचलं तर लाख यंत्रांमागं लाख मिनिटं. ज्या ऑफिसात हजार संगणक आहेत, तिथल्या दुरुस्तीवाल्याचंही तसंच. तो पगारी माणूस. पाच मिनिटांचं काम पाच सेकंदांत झालं तर कंपनीचा फायदा, त्याचा पगार आहे तेवढाच. आमचा मेकॅनिक मात्र कामागणिक पैसे घेणारा. त्याचा वेळ वाचला की त्याचा मेहनताना आटतो. एकच निळा खटका, तो तिकडं नफा वाढवतो आणि इकडं पोटावर येतो. लोक हार्डडिस्कचे पैसे देतात, वायरचे देतात, चार स्क्रूंचेही देतात. जे दिसलं नाही, त्याचे मात्र देत नाहीत.

दुसरी अडचण विश्वासाची. आपल्याकडं वस्तू पक्की बसली आहे हे कसं कळतं? काढताना त्रास झाला पाहिजे. कढईचा कान, पंख्याची पाती, लग्नाची बोलणी, काहीही घ्या. सहज सुटतं ते कच्चं, अशी आपली श्रद्धा. किराणावाल्या काकांनी कॅमेऱ्यांसाठी असाच बिनस्क्रूचा सीपीयू घेतला, तेव्हा त्यांनी बोटानं हार्डडिस्क हलवून पाहिली आणि ती केसभर हलली.

"हे निघून नाही येणार का बापा? इस्क्रूच नाही याले."

"नाही निघत काका. रूळ आहेत दोन्हीकडून."

"रुळावरूनच तं गाडी घसरते!"

मेकॅनिकनं क्षणभर विचार केला आणि गावातल्या माणसाला पटेल असं एकच उदाहरण काढलं. आश्रमात विवेकानंद जयंतीला महाप्रसाद होतो. पुरी आणि वांग्याची भाजी. माणसं लाखांच्या घरात. मोकळ्या रानात पंगती बसतात, दोन पंगतींमधल्या मोकळ्या वाटेनं ट्रॅक्टर-ट्रॉल्या सावकाश सरकतात आणि ट्रॉलीतून उतरून स्वयंसेवक वाढत जातात. "काका, त्या पंगतीत कोणाले खिळा ठोकून बसवते का? पण उठते का कोणी मधात? जागा आखून देली की माणूस बसते. हार्डडिस्कही बसते."

काकांना पटलं. निदान घरी जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हार्डडिस्कच्या आणि खणाच्या मधल्या फटीत पीक विम्याच्या पावतीची घडी खोचलेली आढळली. आणि गंमत म्हणजे काका तंत्राच्या दृष्टीनं फार चुकले नव्हते. हार्डडिस्कच्या तबकड्या मिनिटाला 7200 फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला 120. त्या थरथरीनं प्लास्टिकची चौकट कधी कधी गुणगुणते, पत्र्याला लागली तर आख्खा डबा घुमतो. म्हणून चांगल्या चौकटींना रबराच्या चकत्या लावलेल्या असतात. काकांकडं रबर नव्हतं, पावती होती. विमा मिळो न मिळो, पावती कामी आली.

खरं सांगायचं तर बिनस्क्रूच्या तंत्रात आपल्याला बाहेरच्यांनी शिकवावं असं फार थोडं आहे. आमच्याकडच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत जा. सीपीयूचं झाकण काढून ठेवलेलं असतं ते कायमचं, कारण 'गरम होते'. बाजूला टेबलफॅन आतल्या अंगाला तोंड करून. लग्नसराईत एक हार्डडिस्क पुरत नाही, मग दुसरी आणली जाते, ती खणात न जाता डब्याच्या डोक्यावर, घडी केलेल्या रुमालावर विराजमान होते. तिसरी वायरीवर लोंबकळते. एखादी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली, एखादी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं चिकटवलेली. नव्या एसएसडीनं तर या परंपरेला राजमान्यताच दिली. तिच्यात फिरणारं काही नाही, वजन पन्नासेक ग्रॅम, ती उलटी, आडवी, अधांतरी कशीही चालते. खणाचं माप न जुळल्यामुळं अडीच इंची एसएसडी नुसती तळाशी टाकून दिलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ना स्क्रू, ना रूळ, ना खटका. अमेरिकेला तिथवर पोचायला तीस वर्षं लागली.

त्यानंतर आली एम-डॉट-टू. 22 मिलिमीटर रुंद, बहुधा 80 मिलिमीटर लांब, च्युइंगगमच्या पातळ पट्टीएवढी. सरळ मदरबोर्डवर बसते. चार स्क्रू जाऊन एकच उरला, पण तो असा की दोन मिलिमीटर जाडीचा. पडला तर तो शोधायला भिंग लागतं आणि भिंग शोधायला चष्मा. पेढ्याच्या डब्यात त्याला जागा नाही, तो तळाशी साखरेच्या कणांत मिसळतो. मदरबोर्डवाल्यांनीही हे ओळखलं आणि तिथंही फिरता खटका बसवायला सुरुवात केली. चाराचा एक, एकाचा शून्य.

वाटलं, संपलं. पण शून्याच्या खालीही एक पायरी निघाली. काही पातळ लॅपटॉपांत साठवणीची चिप मदरबोर्डवर थेट डाखच दिलेली असते. तिथं स्क्रू नाही, खटकाही नाही, काढायची सोयच नाही. माहिती गेली की बोर्डासकट गेली. एकेक स्क्रू कमी करत करत कंपनी अशा जागी पोचली, जिथं मेकॅनिकला हात घालायलाच वाव नाही. त्यापुढं मला तो आटे गेलेला, गरगर फिरणारा स्क्रू फार प्रेमळ वाटतो. तो घट्ट होत नाही, पण निदान निघतो तरी.

यावर उपाय नव्हता असं नाही. उपाय आपल्याकडं जुना होता. गावच्या सुताराला कुणी सांध्यागणिक पैसे दिले नाहीत. बैलगाडीच्या जुवाला शिवळा असायच्या: लाकडाच्या दांड्या, वरून भोकात सोडल्या की बसल्या, वर उचलल्या की निघाल्या. स्क्रू नाही, पेचकस नाही. ती शिवळ बसवायला सुताराला किती वेळ लागला, त्याचा चहा निवला की नाही, हे कुणी मोजलं नाही. सुगीत खळ्यावर आला की त्याचं बलुतं त्याला मिळायचं. वर्षाचं धान्य ठरलेलं असल्यामुळं काम लवकर उरकलं आणि जास्त दिवस टिकलं, तर त्यात त्याचाच फायदा. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, धान्य मापताना हात आखडायचा, हेही खरंच. पण कामाचा वेळ वाचवणाऱ्याला दंड करायचा नाही, एवढी एक गोष्ट तिनं बरोबर ओळखली होती.

मेकॅनिकलाही हे आपोआप सुचलं. परवा तो किराणावाल्या काकांना म्हणाला, "काका, असं दर वेळी दोनशे-तीनशे नको. वर्षाचं ठरवू. कितीही वेळा बोलवा. याले एएमसी म्हणते."

काकांनी तागडी खाली ठेवली. "म्हणजे बलुतं."

"हो काका. तेच."

"सोयाबीनचा एक कट्टा देतो."

"पैसे द्या काका. सोयाबीनचा भाव मीच पाहून राह्यलो रोज, सगळ्यांचे पीक विम्याचे फॉर्म मीच भरतो."

घासाघीस झाली, रक्कम ठरली, वहीत लिहिली गेली. आता काम एका मिनिटाचं असो की तासाचं, कुणाला नाटक करायची गरज उरली नाही. मेकॅनिक निघाला तेव्हा काकांनी त्याला पुन्हा हाक मारली.

"अन् आइक. येताना पेचकस घेऊन येत जाय हातात. चार गिऱ्हाइकं उभे राह्यते दुकानात. पैसे देऊन राह्यलो, तं काम दिसलं पाह्यजे ना बापा."